आधार कार्ड लपवलं तर मतदान कार्ड घेऊन गेल्या

यावेळी पत्रांचा गठ्ठा मोठा आहे आणि भांडणं सगळी घरातलीच, पण कुठं जमिनीचं नाही की दागिन्यांचं नाही, एसटी, साखर, व्हॉट्सअॅपचा ग्रुप आणि एक झोपाळा अशा गोष्टींवरून माणसं एकमेकांशी बोलायची थांबलीत. पहिल्या वाचनात मी खूप हसले, मग रात्री परत वाचायला घेतली तेव्हा तेवढं हसू आलं नाही. चार पत्रं निवडलीत, नावं कुणाचीच देत नाही, फक्त गावं.

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या सासूबाई 77 च्या आहेत, तब्येत ठणठणीत, फक्त बीपीची गोळी चालू. एसटी फ्री झाल्याचं शेजारच्या काकूंनी त्यांना सांगितलं आणि तेव्हापासून त्या घरात टिकेनात. आधी खरसुंडीला गेल्या, मग औदुंबर, मग नरसोबाची वाडी, मग पंढरपूर, आता देव संपले तर नुसत्याच जातात, परवा कराडला गेल्या, स्टँडवर चहा प्यायल्या आणि परत आल्या. मागच्या आठवड्यात गाडीत ओळख झालेल्या दोन बायकांना सरळ जेवायला घेऊन आल्या, मला आधी ना फोन ना काही, मी परत भाकरी थापायला बसले. गावात लोक म्हणतात की सून म्हातारीला घरात टिकू देत नाही. शेवटी आमच्या ह्यांनी त्यांचं आधार कार्ड तांदळाच्या डब्यात लपवलं, तर दुसऱ्या दिवशी त्या मतदान कार्ड घेऊन गेल्या. आता आम्ही काय करायचं? (एक सूनबाई, विटा)

उत्तर : सूनबाई, पहिलं काम म्हणजे आज संध्याकाळी ते आधार कार्ड तांदळातून काढा, पुसा आणि त्यांच्या हातात द्या, आणि ते तुम्ही नाही, तुमच्या ह्यांनी द्यायचं कारण लपवलं त्यांनी. आणि देताना "आई, चुकलं" एवढं म्हणायचं, पुढं काही जोडायचं नाही.

आता तुमचा राग. भाकरीचा राग शंभर टक्के खरा आहे, चूल तुमच्या हातात असताना न सांगता दोन माणसं वाढली की कुणालाही येईल, त्यामुळे तेवढा एक नियम सासूबाईंना स्पष्ट सांगा, पाहुणे आणायचे तर गाडीत बसल्या बसल्या फोन करायचा, आणि तोही सकाळी दहाच्या आत. हे त्या ऐकतील. ज्या बाईला कुठली गाडी किती वाजता सुटते हे पाठ झालंय तिला दहाची वेळ पाळणं काही अवघड नाही.

पण बाकीचं भांडण मला तुमच्या बाजूनं लढता येत नाही, कारण तुमच्या पत्रातलं ते कराड माझ्या डोक्यातून जाईना. देवाला जाणारी म्हातारी सगळ्यांना समजते, पण कराडला जाऊन स्टँडवर चहा पिऊन परत येणारी कुणालाच समजत नाही, आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथंच आहे. तुम्हीच बसून आठवा, लग्न होऊन आल्यापासून त्या घराबाहेर कधी कधी पडल्या असतील? कुणाचं लग्न, कुणाची मयत, माहेरचं बोलावणं, सुनेचं बाळंतपण, दवाखाना. प्रत्येक वेळी निमित्त दुसऱ्याचं आणि तिकिटाचे पैसे कुणाच्या तरी खिशातून मागून घेतलेले. आणि मग 2022 च्या ऑगस्टमध्ये 75 पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि एका बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुठं जायचं हे कुणाला न विचारता ठरवता आलं. म्हातारपणी येऊन कुणाचं आयुष्य असं वळण घेत असेल तर त्याच्या आड येऊ नये.

माझ्या मावशीचं असंच होतं. तिला कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट द्यायचा ते ती टाकायची नाही, चष्म्याच्या जुन्या डबीत घडी घालून ठेवायची. मशीनचा कागद तो, महिन्या दोन महिन्यांत अक्षरं उडतात, डबी उघडली की सगळे कोरे कागद. पण तिला प्रत्येक कागद कुठल्या गावचा हे घडीवरून सांगता यायचं, हा सोलापूरचा, हा बार्शीचा, हा चुरगाळलाय तो तुळजापूरचा कारण तेव्हा गर्दी होती. मी स्वतः तिच्याशेजारी बसून ऐकलंय.

काळजीचं म्हणाल तर ती योग्यच आहे, तिचा बंदोबस्त करा. पिशवीच्या आतल्या कप्प्यात घरच्या दोघांचे फोन नंबर आणि बीपीच्या गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा, एक दिवसाच्या जादा गोळ्या ठेवा. संध्याकाळी अंधार पडायच्या आत विट्याच्या स्टँडवर उतरायचं, शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवायचा नाही, ती रद्द झाली की रात्र स्टँडवर काढावी लागते. आणि हे पण सांगून ठेवा की फुकट प्रवास महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे, तुमच्याकडून निपाणी, चिकोडीला जायचं मनात आलं तर पुढचं तिकीट काढावं लागेल, आणि शहरातल्या सिटी बसला ही सवलत नाही. सुटे पैसे जवळ असू देत.

आणि लोकांच्या बोलण्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, एकदा तुम्ही त्यांच्याबरोबर जा. मार्च 2023 पासून आपल्या सगळ्या बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. शेजारी शेजारी बसून दोघी विट्याच्या स्टँडवरून निघालात की सून म्हातारीला घरात टिकू देत नाही म्हणणाऱ्यांना दुसरा विषय शोधावा लागेल. कुठं जायचं ते मात्र त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : माझे मिस्टर मे महिन्यात बँकेतून रिटायर झाले, 38 वर्षं नोकरी. पहिले पंधरा दिवस झोपले, नंतर स्वयंपाकघरात शिरले. सगळ्या डब्यांना लेबलं लावली, आत किती माल आहे ते ग्रॅममध्ये लिहिलं, गॅस सिलिंडरवर लावल्याची तारीख खडूनं लिहिली आणि एक रजिस्टर घातलं. परवा मी उघडून बघितलं तर त्यात लिहिलेलं, "दि. 14, साखर 300 ग्रॅम जादा खर्ची, कारण?" अहो त्या दिवशी माझी भिशी होती, बारा बायकांचा चहा आणि शिरा झाला! कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजतात आणि हॉलमधून ओरडतात, "चौथी झाली." मी 35 वर्षं हे घर चालवलं ते काय अंदाजपंचे? गेले चार दिवस मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलते. (नाशिक)

उत्तर : "कारण?" या एका शब्दानं मलाही राग आला. 35 वर्षं घर चालवणाऱ्या बाईकडून साखरेचा खुलासा मागायचा नसतो, आणि हे तुम्ही त्यांना त्याच रजिस्टरमध्ये लिहून द्या, त्यांच्या शेऱ्याच्या खाली, भिशी, बारा माणसं, चहा आणि शिरा, आणि त्याखाली तुमची सही. लेखी विचारलंय तर लेखी उत्तर, त्यांना ती भाषा कळते.

पण त्यांच्याकडेही जरा बघा. 38 वर्षं माणूस सकाळी बँकेत गेला की संध्याकाळपर्यंत दहा जण काही ना काही विचारायला यायचे, साहेब हे बघा, साहेब इथं सही. आता सकाळी नऊ वाजता घरात कोणी त्यांना काहीच विचारत नाही. ते कुकरच्या शिट्ट्या मोजतात कारण त्या वेळेला घरात दुसरं काहीच त्यांच्यासाठी वाजत नाही.

तेव्हा त्यांना स्वयंपाकघरातून हाकलू नका, आणि देखरेखीवरही ठेवू नका. एक खातं पूर्ण देऊन टाका. मदत म्हणून नाही, पूर्ण. माझ्या वडिलांचं उदाहरण सांगते, त्यांनीही रिटायर झाल्यावर आईला असंच हैराण केलं होतं, आई भांडून भांडून दमली, आणि एका मे महिन्यात तिनं दहा किलो कैऱ्या आणून त्यांच्यापुढं ठेवल्या आणि म्हणाली, यंदा लोणचं तुमचं, मी हात लावणार नाही, बिघडलं तर वर्षभर बिघडलेलं खाऊ. आणि ती खरंच माडीवर जाऊन बसली. वडिलांनी शेजारणींना विचारलं, आत्याला फोन केला, वहीत प्रमाण लिहिलं, किलोला दोनशे ग्रॅम मीठ, त्याच्या खाली दोनदा रेघ मारलेली कारण मीठ कमी पडलं की बुरशी येते हे तिघींनी सांगितलं होतं. फोडी पुसून कोरड्या केल्या, तेल कडकडीत तापवून पूर्ण गार होऊ दिलं, बरणी उन्हात ठेवली. बरणीला दादरा बांधतानाचे त्यांचे हात मला अजून दिसतात, सुतळीची गाठ फाईल बांधल्यासारखी. ते लोणचं उत्तम झालं, आणि पुढची अकरा वर्षं आमच्याकडे लोणचं वडिलांचं. आईच्या डब्यांकडे त्यांनी नंतर वळून पाहिलं नाही, वेळच नव्हता.

तुमच्याकडे लोणच्याचा सीझन नसेल तर दूध, विरजण, लोणी, तूप हे सगळं त्यांच्याकडे द्या. रोजचं काम आहे, वेळेचं आहे, मोजण्याचं आहे, कढवताना दोन मिनिटं इकडचं तिकडं झालं तर तूप करपतं त्यामुळे लक्ष द्यावं लागतं. नासलं तर ओरडायचं नाही, हे तुमच्यासाठी. आणि सिलिंडरवरची तारीख राहू द्या हो, ती कामाची आहे. त्यांना अजून एक गोष्ट करायला सांगा, सिलिंडरवरून ओलं फडकं फिरवायचं, जिथपर्यंत आत गॅस आहे तिथपर्यंतचा ओलावा सावकाश वाळतो आणि वरचा भाग पटकन कोरडा होतो, तिथली रेघ दिसते. हे त्यांना फार आवडेल बघा.

प्रश्न : आमच्या आजोळच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची मी अॅडमिन आहे, 41 मेंबर. मोठे मामा रोज पहाटे पाच वाजता फुलांचा फोटो टाकून गुड मॉर्निंग करायचे. माझ्या मावसभावानं त्यावर लिहिलं की ज्याला झोप येत नाही त्यानं दुसऱ्याची मोडू नये, सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले. मामा त्याच दिवशी ग्रुपमधून बाहेर पडले. मी परत अॅड केलं तर परत बाहेर. आता दिवाळीला सगळे जमायचेत आणि मामा म्हणतात मी येत नाही. (अमरावती)

उत्तर : ग्रुपमधून आजकाल गुपचूप बाहेर पडता येतं, फक्त अॅडमिनला कळतं, बाकीच्यांना कुणी सांगत नाही. म्हणजे 41 माणसांत मामा नाहीत हे बाकीच्यांच्या बहुतेक लक्षातही आलं नसेल, आणि रोज पहाटेची फुलं बंद झाली तरी इतक्या माणसांपैकी एकानंही मामा कुठं आहेत असं विचारलं नाही. मामांना मावसभावाचं बोलणं लागलं असेल, पण ही शांतता जास्त लागली असणार. त्यांना परत अॅड करू नका, ते दाराबाहेर उभ्या माणसाला हात धरून ओढण्यासारखं झालं. मावसभावाला सांगा मामांच्या घरी जा, फोन नाही, घरी, आणि जाताना लवकर जा, सकाळी सहाला, मामा उठलेले असतीलच. ते पाचला का उठतात, तेवढ्या पहाटे घरात एकटे काय करतात, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्याला त्यांच्या हातचा चहा पिऊन येऊ दे. दिवाळीचं आमंत्रण त्यानं चहा झाल्यावर द्यावं, आधी नाही.

प्रश्न : ताई, आमच्या आजोबांचा सागवानी झोपाळा होता, पितळी कड्यांचा. 2006 साली वाड्याची वाटणी होऊन वाडा विकला तेव्हा बाबा आणि काका दोघांनाही तोच हवा होता, कोणी मागं हटेना, शेवटी पाट काकांकडे आणि कड्या आमच्याकडे. तेव्हापासून झोपाळ्यावर कुणीच बसलेलं नाही. बाबा दर दिवाळीला कड्या पेपरवर मांडतात, चिंच-मिठानं घासतात, मोजतात आणि परत पोत्यात भरून माळ्यावर टाकतात. काकांनी तळेगावच्या घरात पाटाला पाय लावून टेबल केलं, माझी चुलत बहीण दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत त्याच्यावर अभ्यास करून पास झाली. आता तिचंच सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण आहे आणि काकू डेकोरेटरकडून लोखंडी झोपाळा भाड्यानं आणणार आहेत. आम्ही दोघी बहिणी फोनवर रडलो. आम्हाला तो खरा झोपाळा हवाय. पण बाबांना आणि काकांना सांगणार कोण? आत्या आहे, पण ती यात कधी पडली नाही, तिला त्यातलं काहीच नको होतं असं सगळे म्हणतात. (डोंबिवली)

उत्तर : तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. एका भावाकडे पाट आणि एका भावाकडे कड्या, दोघांनीही आपापला अर्धा भाग इतका जपलाय, टाकला कुणीच नाही, विकला कुणीच नाही. घासून चकचकीत ठेवणारा आणि लेकीला त्याच्यावर शिकवणारा, दोघांचं वडिलांवर सारखंच प्रेम आहे, आणि हे दोघांनाही एकमेकांबद्दल माहीत नाही. तू बाबांना टेबलाची गोष्ट कधी सांगितलीस का? सांग. बहुतेक त्यांची समजूत असेल की पाट कुठंतरी अडगळीत पडलाय.

पण मला तुझ्या पत्रातलं एक वाक्य खटकलं. आत्याला काहीच नको होतं असं सगळे म्हणतात. आत्या म्हणाली का? वाडा विकला 2006 ला, आणि 2005 च्या सप्टेंबरपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क कायद्यानं मिळालेला होता. वडील 2005 मध्ये हयात हवेत की नकोत यावर पुढं बरीच वर्षं वाद चालला आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तशी अट नाही, हक्क जन्मानंच आहे. हे मी कोर्टात जा म्हणून सांगत नाहीये, वाडा गेला, हिशेब गेले. पण घरोघरी मी बघितलंय, बहिणीपुढं चहाबरोबर कागद ठेवतात, ती सही करते, आणि मग तिला काही नको होतं अशी गोष्ट तयार होते. ती पण त्याच झोपाळ्यावर वाढली ना? कदाचित दोघा भावांपेक्षा जास्त बसली असेल, दुपारी घरात तीच असायची.

म्हणून सांगणारी माणसं तुम्ही दोघी नाही. आत्याकडे जा, आणि तिला मध्यस्थी कर म्हणू नका. तिला विचारा की आत्या, तुला झोपाळा आठवतो का, आणि मग गप्प बसा. तिला बोलू द्या, वेळ लागेल. तिनं स्वतःहून म्हटलं तर दोघा भावांना फोन तिनं करायचा आणि मागायचं काय, तर डोहाळजेवणापुरता झोपाळा, माझ्यासाठी. वाटणीत जिनं काहीच घेतलं नाही अशा बहिणीला दोन्ही भाऊ नाही कसे म्हणतील? आणि एकमेकांपुढं नमतं घ्यायचा प्रश्नच येत नाही कारण देतायत ते बहिणीला. ती नको म्हणाली तर मात्र आग्रह करू नका, लोखंडी झोपाळ्याला फुलं लावा आणि बहिणीचे लाड करा.

ती हो म्हणाली असं धरून पुढचं सांगते कारण दिवस थोडे आहेत. कार्यक्रम हॉलवर नको, तळेगावच्या घरी करा. कड्यांचे हुक स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये पक्के बसवायला हवेत, फॉल्स सीलिंगला अजिबात नाही, आणि ते काम माहितगार माणसाकडून आठ दिवस आधी करून घ्या. पाटाचे टेबलाचे पाय काढले की खाली भोकं राहतील, ती राहू देत, पण चार कोपऱ्यांची जुनी कड्या अडकवायची जागा फुटलेली नाही ना हे सुताराला दाखवा. बहिणीला बसवायच्या आधी पाटावर तांदळाची पोती ठेवून रात्रभर टांगून बघा, दुसऱ्या दिवशी मोठी माणसं बसू देत, मग ती. आणि तिला बसवताना पाट दोन बाजूंनी धरायला बाबा आणि काका, दुसरं कोणी नको.

एक अडचण येणार आहे ती आत्ताच सांगते. वाड्याचं छत उंच असतं, कड्या त्या मापाच्या असणार, तळेगावच्या घराच्या स्लॅबला त्या लांब पडतील आणि पाट जमिनीला टेकेल. पितळी कड्या तुकड्या-तुकड्यांच्या असतात, मध्ये कुठं मोर कुठं हत्ती, त्यामुळे प्रत्येक साखळीतले सारखे दोन-तीन तुकडे काढून उंची बसवता येते. कुठले काढायचे यावरून भाऊ परत भांडतील, तेव्हा ते काम आत्याला द्या. आणि काढलेले तुकडे पोत्यात जाऊ देऊ नका, तिच्या पिशवीत घाला.